दरवर्षी श्रावणात तांदळाला कुबट वास येतो: बुरशी, तिचं विष आणि चूक नेमकी कुठे शोधायची

दिवाळीत भात कणगीत गेलं तेव्हा सगळं ठीक होतं. होळीपर्यंत काही जाणवलं नाही. पावसाळा लागला, श्रावणात कणगी उघडली, तर कुबट वास. हात आत घातला की भात किंचित गरम लागतं. भरडून आणलेल्या तांदळात पिवळे-तपकिरी दाणे दिसतात. मग पावसाने जरा उघडीप दिली की अंगणात ऊन दाखवायचं, पाखडायचं आणि परत भरायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कोकणात ही तक्रार इतक्या घरांत आहे की लोकांनी ती पावसाळ्याचाच एक भाग मानली आहे. तसं मानू नका, हे कळकळीने सांगायचं आहे. ऊन दाखवल्याने बुरशीची वाढ थांबते आणि वासही कमी होतो. पण बुरशीने तोवर दाण्यात सोडलेलं विष उन्हाने म्हणावं तसं जात नाही, पाखडून पूर्ण जात नाही, भात शिजवूनही जात नाही. म्हणजे श्रावणात आपण करतो तो उपाय वासावरचा असतो. मूळ बिघाड बहुतेक वेळा आश्विनात, कापणी आणि कणगी यांच्या मधल्या आठ-दहा दिवसांत झालेला असतो. तो शोधायला मागे मागे जावं लागतं, म्हणून हे लिखाणही त्याच क्रमाने आहे.

आधी हे विष म्हणजे काय

भातावर अनेक बुरशा येतात. त्यातली सर्वांत काळजीची म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या वसाहती हिरवट-पिवळ्या दिसतात आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाची विषं तयार करते. त्यातलं बी-१ हे सर्वांत जहाल. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. तिचा शोध घेताना हे विष सापडलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. मुख्य घाव यकृतावर होतो. ज्यांना कावीळ ब चा जुना संसर्ग आहे, त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाचा हा धोका सुमारे ३० पट वाढतो असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचं मूल्यमापन आहे. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी कावीळ ब ची लस घेतलेली असणं हाही या प्रश्नावरच्या उत्तराचाच भाग आहे.

भारताने याचा तीव्र फटकाही पाहिला आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता आणि ओला मका तसाच साठवला गेला होता. तांदळात एवढं विष साठणं फार दुर्मीळ. मका आणि शेंगदाण्याच्या मानाने भात बरंच सुरक्षित आहे, कारण तुसाचं कवच असतं. पण मका आपण कधीतरी खातो आणि भात दोन वेळा. थोडं थोडं विष, रोज, वर्षानुवर्षं, आणि लहान मुलांच्या ताटातही, हा इथला खरा मुद्दा आहे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. कुबट वास बुरशीचा असतो, विषाचा नाही. प्रत्येक बुरशी विष करत नाही, आणि या अ‍ॅस्परजिलसचेही काही वाण विष करतात, काही करत नाहीत. त्यामुळे वास आला म्हणजे विष आहेच असं नाही आणि वास गेला म्हणजे विष गेलं असंही नाही. वास एवढंच सांगतो की विष तयार व्हायला लागणारी परिस्थिती तुमच्या कणगीत होती.

पहिली तपासणी: बुरशी कणगीत नेमकी कुठे आहे

बहुतेक जण इथेच घाई करतात. सगळं भात एकदम अंगणात ओततात आणि पुरावा मिसळून टाकतात. ओतण्याआधी थांबा. वरचा थर, कडेचा, मधला, तळाचा असं वेगवेगळ्या ठिकाणचं मूठमूठ भात काढा, वेगळ्या कागदांवर ठेवा, हुंगा, दाणे सोलून पाहा.

खराबी फक्त तळाला किंवा भिंतीकडच्या बाजूला असेल, तर भात चांगलं वाळलं होतं आणि ओल जमिनीतून किंवा भिंतीतून आली. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी ओढतात हे आपल्याला माहीतच आहे. पोती भिंतीपासून हात-दीड हात लांब आणि जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर ठेवली की हा प्रकार बहुधा संपतो.

खराबी फक्त वरच्या थरात, विशेषतः पत्र्याच्या पिंपाच्या झाकणाखाली असेल, तर दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या पत्र्याने तो उद्योग केला आहे. तापलेल्या भातातली वाफ वर जाते, गार झाकणाला लागून पाणी होतं आणि तेच पाणी वरच्या दाण्यांवर ठिबकतं. पिंप पत्र्याच्या छपराखालून काढा, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवा.

मध्येच गरम गोळे लागले आणि तिथे सोंडकिडे असतील, तर ओलावा किड्यांनी केला आहे. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर पडतं. १३ टक्के ओलाव्याला भरलेलं भातही किड्यांच्या वस्तीपाशी ओलसर होऊ शकतं. शिवाय त्यांनी कोरलेल्या दाण्यात बुरशीला थेट वाट मिळते.

आणि खराब दाणे सगळीकडे विखुरलेले असतील, वर, खाली, कडेला, मध्ये सारखेच, तर साठवणीला दोष देऊ नका. ते भात खराब होऊनच कणगीत आलं होतं. दरवर्षी तक्रार येणाऱ्या घरांत मला हाच नमुना जास्त दिसतो.

वासाची एक गल्लत इथेच दूर करून टाकतो. हातसडीच्या किंवा कमी पॉलिश केलेल्या तांदळाला दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो, तो कोंड्यातल्या तेलाचा. तो बुरशीचा नाही. खवट वास जुन्या तेलासारखा नाकाला झोंबतो, कुबट वास ओल्या मातीचा, बंद खोलीचा. खवट तांदूळ चवीला वाईट, पण त्यावरून विषाचा संशय घ्यायचं कारण नाही.

ओलावा: सगळं इथे ठरतं

या बुरशीला २५ ते ३५ अंश तापमान मानवतं. आश्विन-कार्तिकातलं कोकण नेमकं तेवढंच असतं, आणि तापमानावर आपला काही अधिकार नाही. ओलाव्यावर आहे. दाण्याभोवतीच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस वाढू लागते आणि ८५ च्या आसपास विष करू लागते. भात १४ टक्क्यांपर्यंत वाळलेलं असेल तर दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांवर थांबते. १७ टक्के ओलाव्याला ती ८५ च्या घरात पोचते. तीन टक्क्यांचा फरक हाताला कळत नाही, पण बुरशीला तेवढाच पुरतो.

या १७ आकड्याने विदर्भात मोठा गोंधळ केला आहे. सरकारी धान खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचं धान घेतात. त्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात अनेकांना वाटतं की १७ टक्के म्हणजे वाळलेलं धान. ती खरेदीची मर्यादा आहे, साठवणीची नाही. घरी काही महिने ठेवायचं तर १४ च्या आत, पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचं तर १३.

कापणीच्या वेळी भातात २० ते २५ टक्के ओलावा असतो. २२ टक्के धरून हिशेब करा. १०० किलो भातात ७८ किलो कोरडा भाग आणि २२ किलो पाणी. १४ टक्क्यांवर आणायचं तर वजन ९०.७ किलोवर यायला हवं. म्हणजे एका क्विंटलमागे नऊ किलोहून जास्त पाणी हवेत जायला हवं, आणि तेही आर्द्र हवेत. हा हिशेब मुद्दाम दिला, कारण वजनकाटा बहुतेक घरांत असतो आणि ओलावा मोजायचं यंत्र नसतं. मळणीनंतर एक पोतं वजन करून खूण करा, वाळवून झाल्यावर तेच पोतं पुन्हा वजन करा. १०० चे ९५ झाले असतील तर भात वाळलेलं नाही, ऊन कितीही कडक लागलेलं असो.

दुसरी सोपी परीक्षा मिठाची. काचेची कोरडी बाटली घ्या, तिच्यात पाव भाग भात आणि दोन-तीन चमचे तव्यावर भाजून गार केलेलं बारीक मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळं राहिलं तर खाली आहे. १४ की १३ हे ही परीक्षा सांगत नाही, पण धोक्याचं भात नक्की पकडते. दाताखाली कटकन फुटतो का हे बघण्याची जुनी रीत वाईट नाही, पण तिला सवयीचा दात लागतो आणि सकाळच्या आर्द्र हवेत ती फसवते. गावातल्या पाच-सहा घरांनी मिळून एक ओलावामापक घेतला तर उत्तम. मला विचाराल तर फवारणी पंपाच्या आधी तो घ्यावा.

परतीचा पाऊस आणि हळवं भात

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. आता कर्जत-३ किंवा रत्नागिरी-२४ सारखं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात बघा. साधारण ११० ते ११५ दिवसांचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कापणीला तयार. म्हणजे पावसाच्या सरासरी निरोपाच्या आधी दीड-दोन आठवडे. यात कोणाचं दुर्दैव नाही, पेरणीच्या दिवशीच हे ठरलेलं असतं. ज्या घरांत दरवर्षी भात बुरसतं, त्यांनी सर्वांत आधी आपलं वाण आणि पेरणीची तारीख कागदावर मांडावी.

वरकस जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे हळव्याशिवाय पर्याय नसतो, हे मान्य. पण पाणी धरणाऱ्या खाचरातही लवकर मोकळं व्हायचं म्हणून हळवंच लावायचं असेल, तर ते भात वाळवायची सोय आधी करा आणि मग लावा. तिथे निमगरवं (मध्यम मुदतीचं) किंवा गरवं (उशिरा पिकणारं) लावलं तर कापणी उघडिपीत येते. आपल्या तालुक्यासाठी कोणतं वाण योग्य, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या शिफारशीत मिळतं.

शेतातच बुरशीला दार उघडून देणाऱ्या काही गोष्टी आहेत. युरिया जास्त झाला की पीक माजतं आणि लोळतं. लोळलेली लोंबी चिखलाला टेकली की कापणीआधीच दाणा बुरसतो. लोंबीवरील ढेकण्या दाण्याला भोक पाडून चीक शोषतो आणि त्या भोकाभोवती काळे-तपकिरी डाग पडतात. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी सोडा. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा. सगळे पिकायची वाट पाहाल तर पाऊस मिळेल.

कडपा आणि उडवी: खरा घात इथे होतो

कापलेलं भात खाचरातच कडपा पसरून दोन-तीन दिवस वाळवायची आपली रीत आहे. पाऊस नसेल तर ती चालते. पण रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, परत दव, यात दाणा ओला-सुका होत तडकतो. तडकलेला दाणा गिरणीत कणी होतो आणि साठवणीत आधी बुरसतो. कडपा भिजल्या तर मग काहीच खरं नाही.

त्याहून वाईट म्हणजे ओल्या भाऱ्यांची उडवी, किंवा विदर्भातलं पुंजणं. पाऊस येतोय म्हणून घाईने भारे रचायचे, वर ताडपत्री टाकायची आणि मळणीला माणसं मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस तसंच ठेवायचं. हे करणाऱ्याला वाटतं आपण भात वाचवलं. आत मात्र ओला पेंढा आणि ओला दाणा मिळून तापायला लागतात. उडवीत कोपरापर्यंत हात घाला, वाफ लागेल. एरवी पांढरा निघणारा तांदूळ भरडल्यावर पिवळा निघतो तो इथे पिवळा झालेला असतो.

म्हणून माझी शिफारस रोकठोक आहे: ओल्या भाताची उडवी रचू नका. कापणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झोडता येईल एवढीच करा. चार दिवसांत सगळं शेत मोकळं करण्यापेक्षा आठ दिवसांत दोन-दोन खाचरं कापणं बरं. झोडलेलं ओलं भात पोत्यात बांधून ठेवू नका, एका रात्रीतही ते तापतं. पाऊस थांबत नसेल तर पडवीत, ओटीवर, मिळेल तिथे चार बोटं जाडीच्या आत पसरा आणि पंखा लावा. पंख्याने ते १४ टक्क्यांवर येणार नाही, पण तापणार नाही आणि ऊन पडेपर्यंतचे दोन दिवस निघतील. कापणीनंतर २४ तासांच्या आत वाळवण सुरू झालं पाहिजे.

भाड्याच्या कापणी यंत्राने भात काढणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. यंत्र २२-२४ टक्क्यांचं भात थेट ट्रॉलीत ओततं. मधले कडपांचे वाळवणीचे दिवस गेले, याची आठवण कोणी करून देत नाही.

उन्हात वाळवताना थर दोन ते चार सेंटिमीटरचा. अर्ध्या-पाऊण तासाने पाय ओढत उलथायचा. शेणाने सारवलेलं खळं ताजं असेल तर त्यात पाणी असतं, खाली ताडपत्री घाला. भर दुपारी फार तापलं तर थोडा वेळ ढीग करा, नाहीतर दाणा तडकतो. संध्याकाळी दव पडायच्या आत झाका.

पिवळे दाणे

पिवळा दाणा म्हणजे उष्णतेची खूण. तो आपोआप विषारी ठरत नाही. पण दुर्लक्षही करू नये, आणि याला जपानचा इतिहास कारण आहे. तिथे १८९१ साली साकाकी या संशोधकाने बुरसलेल्या तांदळाचा अर्क प्राण्यांना देऊन त्यांना लकवा होतो हे दाखवलं. पुढे पिवळ्या तांदळातल्या पेनिसिलियम जातीच्या बुरशांची विषं ओळखली गेली, त्यातलं सिट्रिओव्हिरिडिन हृदयावर आणि श्वसनावर घाव घालतं. १९१० नंतर जपान सरकारने तांदळाची तपासणी कडक केली आणि हृदयविकारासह येणाऱ्या तीव्र बेरीबेरीचं प्रमाण घसरलं. बेरीबेरी मुळात ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होते, पण तिचा सर्वांत जीवघेणा प्रकार वाढण्यात या विषाचा हात असावा असं तेव्हापासून मानतात. २००६ च्या सुमारास ब्राझीलच्या मारान्याव राज्यात बेरीबेरीची साथ आली, तेव्हाही तिथल्या तांदळात हेच विष सापडलं.

पिवळे, काळपट आणि हलके दाणे निवडून टाकण्याची आपल्या आज्यांची सवय शास्त्राला धरून आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्या खराब दाण्यांत पुष्कळ असतं. सुपाला बसणं कंटाळवाणं आहे, पण घरच्या घरी करता येण्यासारखा हाच एक उपाय विष खरोखर कमी करतो. उकड्या तांदळाचा रंग मुळातच पिवळट असतो, तिथे ही खूण चालत नाही, काळे डाग बघावे लागतात.

उकडा तांदूळ

सिंधुदुर्ग आणि गोव्याचं रोजचं जेवण उकड्यावर आहे, म्हणून याला वेगळी जागा. भारतातल्या ११ राज्यांतून उकड्या तांदळाचे दीड हजार नमुने तपासणारा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १७ टक्के नमुन्यांत बी-१ चं प्रमाण तेव्हाच्या ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो या मर्यादेच्या वर होतं. २००९ च्या आणखी एका अभ्यासात २० राज्यांतले १२०० तांदळाचे नमुने होते. तिथे दोन तृतीयांश नमुन्यांत बी-१ काही ना काही प्रमाणात सापडलं, पण ३० च्या वर गेलेले नमुने सुमारे दोनच टक्के. दोन्ही अभ्यासांची सरळ तुलना करता येणार नाही, तरी उकड्याकडे जास्त लक्ष हवं एवढं नक्की.

कारण समजण्यासारखं आहे. उकडण्याआधी भात रात्रभर किंवा त्याहून जास्त भिजतं. उकडल्यावर दाण्यात ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वाफेने बुरशी मरते, पण दाणा मऊ आणि ओला होऊन नव्या बुरशीसाठी तयार होतो. भात आधीच बुरसलेलं असेल तर भिजताना आणि उकडताना कोंड्याकडचं विष आतल्या दाण्यात उतरतं, आणि मग पॉलिशनेही निघत नाही. म्हणून उकड्यासाठी उरलंसुरलं जुनं भात वापरू नका, सर्वांत स्वच्छ भात वापरा. भिजवण्याचं पाणी बदला. आंबूस वास येईपर्यंत ठेवू नका. आणि आभाळ भरलेलं असताना हंडा चुलीवर चढवू नका, कारण उकडलेलं भात त्याच दिवशी वाळवणीला लागलं पाहिजे.

साठवणीतल्या काही चुका, थोडक्यात

तांदूळ साठवू नका, भात साठवा आणि लागेल तसं भरडून आणा. तूस हे फुकटचं संरक्षण आहे. मुंबईतल्या चाकरमान्यांनी गावाहून वर्षाचा तांदूळ भरडून न्यायची पद्धत थोडी बदलावी. दिवाळीला थोडा, होळीला थोडा, मे महिन्यात पावसाळ्यापुरता.

कणगी शेणाने सारवली की ती पूर्ण वाळू द्या, हाताला कोरडी लागली तरी आणखी दोन दिवस उन्हात ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवलेला, ओला पाला म्हणजे कणगीत पाणी घालणं. बोरिक पावडर, एरंडेल, कडुनिंब हे सगळे किड्यांसाठीचे उपाय. बुरशीवर ते चालत नाहीत.

हवाबंद पिशव्या आता मिळतात आणि चांगल्या आहेत. आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात आणि मुख्य म्हणजे जुलैची ९० टक्के आर्द्रतेची हवा आत शिरत नाही. पण अट एकच: भात १४ टक्क्यांच्या आत असलं पाहिजे. ओलं भात हवाबंद केलंत तर ते आत आंबेल आणि सगळंच वाया जाईल. गोणपाटाच्या पोत्यातलं भात, कितीही नीट वाळवलेलं असो, पावसाळ्यात हवेतून पाणी ओढून घेतं.

खराब झालेलं आहे, आता काय करायचं

शिजवून विष जातं हा समज सोडा. अफ्लाटॉक्सिनचं विघटन व्हायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं, आपला भात १०० अंशांवर शिजतो. कुकरमध्ये काही प्रमाणात घट होते, पण तिच्यावर विसंबू नये. धुण्याने वरची बुरशी जाते.

खराब तांदळाचं पीठ करून घावन, आंबोळी किंवा फेण्यांत खपवण्याची रीत बंद करा. पिठात खराब दाणा ओळखता येत नाही आणि निवडताही येत नाही. चांगल्या भातात थोडं थोडं मिसळूनही संपवू नका.

गुरांना घालणं हा सुद्धा मार्ग नाही. विष मुख्यतः दाण्याच्या वरच्या थरात असतं. पॉलिश केल्यावर तांदळातलं विष बरंच कमी होतं, पण ते नाहीसं झालेलं नसतं, कोंड्यात गेलेलं असतं. तो कोंडा दुभत्या जनावराने खाल्ला की बी-१ चं एम-१ होऊन साधारण १ ते ३ टक्के भाग दुधात उतरतो. खाल्ल्यापासून दिवसाभरातच ते दुधात दिसायला लागतं. भारतात दुधासाठी एम-१ ची मर्यादा प्रति किलो ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती थोडं चालतं बघा. दूध लहान मुलं पितात. कोंडा बंद केला की काही दिवसांत दूध स्वच्छ होतं, एवढा दिलासा आहे. कोंबड्या आणि बदकं तर या विषाने लगेच आजारी पडतात, त्यांना कणी-कोंडा घालताना जास्त जपा.

विखुरलेली खराबी, कुबट वास आणि डागाळलेले दाणे तिन्ही एकत्र असतील तर ते भात खाऊ नका आणि विकूही नका. खड्ड्यात घालून कुजवा. वर्षाची बेगमी अशी टाकायला जीव होत नाही हे मला समजतं. तरी सांगतो, टाका. थोडाच भाग, तळाचा किंवा वरचा, खराब असेल तर तो आणि त्याच्या लगतचा हातभर थर काढा, उरलेलं निवडून, वाळवून वापरा.

शंका असेल आणि माल जास्त असेल, बचत गटाचा किंवा विक्रीचा असेल, तर तपासणी करा. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी आणि सरकारी प्रयोगशाळांत अफ्लाटॉक्सिनची चाचणी होते. देशात धान्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा प्रति किलो १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि युरोपात थेट खाण्याच्या तांदळाला फक्त ४, त्यामुळे परदेशी पाठवणाऱ्यांनी दुसरा आकडा धरावा. अतिनील किरणांच्या दिव्याखाली दाणे चमकतात का हे पाहण्याची युक्ती मक्यासाठी निघाली, भातावर तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. आणि नमुना नीट काढा. विष गोळ्यागोळ्यांनी असल्याने वरच्या मुठीचा अहवाल फसवा येतो. प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं, तळाचं भात घ्या, सगळं एकत्र करून नीट मिसळा, त्यातलं दोन किलो कागदी पिशवीत भरून पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत वाटेतच घाम सुटतो. पिशवीवर वाणाचं नाव, कापणीची आणि भरण्याची तारीख, आणि मधे किती वेळा भिजलं हे लिहा. तीच नोंद घरच्या वहीतही ठेवा, पुढच्या आश्विनात कोणत्या खाचरापासून सुरुवात करायची ते तिच्यावरून ठरवता येईल.